शनिवारची पायपीट

रहाटणीच्या आमच्या चाळीत नळ मी आणला, असं लोक अजून म्हणतात. खरं तर तो आणला शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, मावशींनी. बाळंतपण असो की मयत, त्या पदर खोचून हजर. शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारी मात्र ना चूल पेटवायच्या, ना गाडीत बसायच्या.

पिंपरीतल्या पालिकेच्या पाणीखात्याच्या साहेबांनी नळासाठी भेटीला नेमका शनिवार दिला. मी पुढारी, बसने निघालो.

"तुमी व्हा पुढं, भाऊ. आमी मावशीसंगं चालत येतो," बायका म्हणाल्या.

वाटेत मावशींना पायी जाताना बघून गल्लीगल्लीतून बायका रिकाम्या घागरी घेऊन सामील झाल्या. मला ताटकळत ठेवणारे साहेब ती गर्दी बघून धावत बाहेर आले.

"मोर्चा कशाला आणलात?"

"मोर्चा कुठला? मी शनिवारी चालतच येते," मावशी हसल्या.

नळ आला तेव्हा हार माझ्या गळ्यात पडला. पहिली भरलेली घागर मात्र बायकांनी मावशींच्या दारात नेऊन ठेवली.