जमिनीखालचा राखणदार

माझा नवरा जर्मन होता. बॉनमधल्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. विद्यार्थी असताना तो न्यू मेक्सिकोला गेला होता आणि तिथल्या झुनी लोकांच्या गावातून, एका कारागिराकडून, त्याने सहा लहान दगडी प्राणी आणले होते. लग्नानंतर माझे पुण्याहून आणलेले देव आणि त्याचे ते सहा जण एकाच फळीवर राहिले.

प्रत्येकाला एक दिशा सांभाळायची असते, असं त्याने मला सांगितलं होतं. उत्तरेला प्यूमा, पश्चिमेला अस्वल, पूर्वेला लांडगा, दक्षिणेला डाख्स, तोंडावर पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा प्राणी, ज्याला मला कधीच नेमका मराठी शब्द सापडला नाही. वर आकाशात गरुड. आणि जमिनीखाली माउलवुर्फ, चिचुंद्रीसारखा, बोगदे खणत राहणारा. फार पूर्वी काही प्राण्यांचे दगड झाले, पण आतलं काळीज जिवंत राहिलं, असं झुनी मानतात, म्हणून त्यांना मक्याचं पीठ खाऊ घालतात. कारागिराने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "आमचे पुजायचे आमच्या घरात असतात. हे विकायचे." तरी हा दर रविवारी चिमूटभर पीठ ठेवायचाच. मी हसले की म्हणायचा, "आल्झो, हे बघ, पाहुण्यांना उपाशी कसं ठेवायचं?"

आमच्या मुलीला त्यातला माउलवुर्फ आवडायचा. काळा, बोटाच्या पेराएवढा. लहानपणी ती तो मुठीत धरूनच झोपायची.

मग नवऱ्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. चार महिने मिळाले. तो घरीच होता आणि मी सतत काहीतरी करत होते, चादरी बदलत होते, औषधांच्या वेळा लिहीत होते. तो गेल्यावर करायला काहीच उरलं नाही. ती फळी बघवेना. देव मी आतल्या खोलीत नेले. त्याच आठवड्यात शेजारच्या बाई आमच्या रस्त्यावरच्या फ्लोमार्क्टसाठी, म्हणजे जुन्या बाजारासाठी, वस्तू गोळा करत दारात आल्या. मी ते सहाही प्राणी कागदात गुंडाळून त्यांच्या खोक्यात ठेवले. दार लावल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

इथे अस्थिकलश पुरायला काही आठवडे जातात. आदल्या दिवशी मुलगी लाइपझिगहून आली. कोटही न काढता फळीपाशी गेली.

"आई, माउलवुर्फ कुठे आहे?" तिने नेहमीसारखं जर्मनमध्ये विचारलं. "कलशाजवळ ठेवायचाय. बाबांनी सांगितलंय. जमिनीखाली तोच सांभाळतो, म्हणाले."

"मी देऊन टाकले," मी म्हणाले. "सगळे. फ्लोमार्क्टला."

ती ओरडली नाही. खुर्चीत बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"मला तो काहीच बोलला नाही गं," मी म्हणाले.

"बोलायला बघत होते. ते विषय काढायचे आणि तू सूप गरम करायला उठायचीस."

हे खरं होतं. मला एकेक वेळ आठवत होती.

आम्ही दोघी शेजारच्या बाईंकडे गेलो. पाच प्राणी एका गृहस्थाने एकत्र नेले होते, कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. काळा तेवढा एका म्हाताऱ्या बाईंनी नातीसाठी घेतला होता. "असं काही असेल हे मला माहीत असतं तर," शेजारच्या बाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली. बेकरीत आणि ट्रामच्या थांब्यावर आम्ही चिठ्ठ्या लावल्या. फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलश खाली उतरवला. त्याच्या शाळेतले लोक आले होते, एकेकाने मूठभर माती टाकली. मी मुलीचा हात धरायला गेले तर तिने तो खिशात घातला. जेवायला न थांबता ती दुपारच्या गाडीने गेली.

याला दीड वर्ष झालं. ती फोन करते, कामाबद्दल, घरभाड्याबद्दल बोलते. मागच्या महिन्यात मी मधेच म्हणाले, "माझं फार चुकलं."



"हो," ती म्हणाली. "मला माहीत आहे, आई."

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. मग तिने विचारलं, माझा गुडघा कसा आहे.