गरम गोंदाचं रुखवत

ग्लू गन आमच्या घरात मी आणली. बी.कॉम. झाल्यावर मला मुंबईत एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. कचेरीनं एका प्रदर्शनात गाळा घेतला तेव्हा तिथे सजावट करणारा माणूस पिस्तुलासारखं एक यंत्र विजेला लावून त्यातून वितळलेला गोंद सोडत होता आणि फळीवर लाकडी अक्षरं चिकटवत होता. अक्षर ठेवलं, वीस आकडे मोजले, की ते हलायचं नाव घेत नव्हतं. मी जेवायची सुट्टी तिथेच उभं राहून काढली. मला ताईची आठवण येत होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई उजाडायच्या आत भाजीची पाटी घेऊन नवीन पनवेलला जायची आणि वडील मिठागरावर. घरात मला सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून सातवीनंतर ताईची शाळा सुटली. पुढे मी अभ्यासाला बसलो की माझ्या वाटणीचं पाणी ती भरायची, माझ्या वाटणीची लाकडं ती फोडायची. "तू वाच, बाला," एवढंच म्हणायची. आमच्याकडे धाकट्याला बाला म्हणतात. तिचं लग्न उरणकडे झालं. दीड वर्षात मेव्हण्यांना कावीळ झाली आणि ते गेले. वर्षश्राद्ध उरकलं तसं सासरच्यांनी तिला कपड्यांच्या एका पेटीसह सुकापूरच्या पुढच्या आमच्या घरी आणून सोडलं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

काही महिने ती ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. मग एकदा आईच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, माझ्या मुलीच्या रुखवताला पाच नारळ सजवून देणारं कुणी आहे का हो तुमच्यात?" आईनं विचार न करता हो म्हटलं आणि नारळ घरी आणून ताईपुढे ठेवले. ताईनं त्या नारळांचे नवरा-नवरी आणि वऱ्हाडी केले. जरीचा फेटा, मण्यांची नथ, काळ्या लोकरीचा अंबाडा. ते पाहून दुसऱ्या बिऱ्हाडातून मागणी आली, मग तिसऱ्या. वर्षभरात ताई तुळशीवृंदावन करू लागली, सुपारीचे भटजी करू लागली, सप्तपदीच्या सात सुपाऱ्या सात रंगांच्या चौरंगांवर बसवू लागली. तिचं तोंड भिंतीकडून उंबऱ्याकडे वळलं. आई आज कुणाची मागणी घेऊन येतेय, हे ती मान वर करून बघू लागली.

मात्र हे सगळं पहिल्या दिवसापासून आईच्या नावावर होतं. लग्नाच्या वस्तूला विधवेचा हात लागलेला कुणाला चालला नसता. आईनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "मीच करते." नवीन पनवेलच्या कॉलनीतल्या बायका तिचे हात हातात घेऊन म्हणत, "मावशी, काय कला आहे हो या बोटांत!" आणि आई घरी येऊन ती बोटं आम्हाला दाखवायची. भेंडी तोडून तोडून काळी पडलेली, सुईत दोरा न ओवता येणारी बोटं. "बगा रं, कला!" म्हणायची आणि ताई खो-खो हसायची. फसवणूक म्हणून त्याकडे आम्ही कुणी पाहिलं नाही. तो घरातला एक खेळ होता आणि ताई त्या खेळात खूश आहे असं मला वाटायचं.

खरी अडचण गोंदाची होती. पांढरा गोंद पनवेलच्या दमट हवेत वाळता वाळत नसे. वृंदावनाची एक बाजू चिकटवून तिला डब्यांचा टेकू द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. म्हणून मी मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन ते यंत्र घेतलं, सोबत गोंदाच्या पांढुरक्या कांड्यांचा जुडगा.

वडिलांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "बंदूक आणलीस? लायसन काडलंस का?"

"गोंदाची हाय ती, बा," ताई म्हणाली.

"मंग जावयाला दाखवू नको कुनाच्या. सासऱ्याच्या घराला चिकटंल."

पहिल्याच आठवड्यात मी ती बिघडवली. नळी साफ करावी म्हणून गरम असतानाच कांडी मागून ओढली. वितळलेला गोंद आत मागे सरकला, थिजला, आणि चाप दाबला जाईना. मी शिकलेला, मला यंत्रातलं कळतं, असा माझा समज होता. ताई दोन दिवस ती बंदूक थोडी थोडी तापवत राहिली आणि मागून नव्या कांडीनं जुना गोंद ढकलत राहिली, तोवर वाट मोकळी झाली. त्यानंतर बंदुकीचे नियम तिनेच केले. कांडी मागे ओढायची नाही, संपत आली की तिच्या मागे दुसरी घालायची. टोक कोमट असताना सुती चिंधीनं पुसायचं. आडवी ठेवायची नाही, तारेच्या पायावर उभी ठेवायची आणि टोकाखाली शहाबादी फरशीचा तुकडा. त्यावर पडलेले थेंब गार झाले की नखानं उचलले जात. थर्मोकोलवर गोंद सोडला की एक श्वास थांबायचं, नाहीतर थर्मोकोलच वितळून खड्डा पडतो. शेजारी पाण्याची वाटी, कारण बोटाला गोंद लागला तर ओढून काढायचा नाही, आधी बोट पाण्यात बुडवायचं. तिच्या डाव्या अंगठ्यावर दोन गुळगुळीत डाग होते ते हे कळण्याआधीचे. संध्याकाळी विजेचा दाब पडायचा, गोंद अर्धवट वितळायचा आणि वरवर चिकटल्यासारखं दिसून नंतर सुटायचं. म्हणून ती दुपारीच काम करायची. काम झालं की गोंदाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ती रंगाच्या कोरड्या कुंचल्यानं झटकून काढायची. त्या तंतूंवरून म्हणे लोक ओळखतात की माल घाईत केलाय.

पहिल्या नारळांपासून धरून तीन वर्षं हे चाललं. या तीन वर्षांत ताई ज्या लग्नांची रुखवतं करत होती त्यातल्या एकाही लग्नाला गेली नाही. आपलं काम टेबलावर मांडलेलं, त्याभोवती बायका जमलेल्या, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आई घरी येऊन सांगायची तेवढंच. ताई खोदून खोदून विचारायची, "वृंदावन मधी ठेवलं का कडेला? दिवा लावला का त्येच्यात?" आईला काही आठवत नसायचं. आई जेवणाचं सांगायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी जुन्या पनवेलमधल्या एका कार्यालयात लग्न होतं. ताईनं तोवर केलेलं ते सगळ्यात मोठं रुखवत. आईसक्रीमच्या काड्यांचा दुमजली बंगला, त्याला जिना, अंगणात झोपाळा, झोपाळ्यावर सुपारीचं जोडपं. मी आणि आई टेम्पोतून ते घेऊन गेलो. टेम्पो वर उघडा होता आणि वाटेत रेल्वेच्या फाटकापाशी बराच वेळ अडकला. उन्हानं गोंद मऊ पडू शकतो हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कार्यालयात कापड काढलं तेव्हा जिना सुटला होता, झोपाळा कलला होता आणि नारळांचे फेटे कानांवर उतरले होते.

मुलीची आई शिक्षिका होती. चांगली बाई. ती रडकुंडीला आली. "मावशी, मुलाकडचे दोन तासांत येतील. तुमच्या हातचं आहे, तुम्हीच बसवा ना पटकन."

आई माझ्याकडे पाहू लागली. मी रिक्षा करून घरी गेलो आणि ताईला म्हटलं, "चल."

"मी नाय येत. तू बंदूक ने. आयेला सांग, एक श्वास थांब म्हनावं."

"आईला चाप तरी दाबता येतो का? मागच्या दारानं जाऊ. सामानाच्या खोलीत बसून करशील. कोण बघतंय?"

मग तिनं साडी बदलली. घाईत आहोत हे मी दोनदा सांगितलं, तरी तिनं केस पुन्हा विंचरले.

सामानाच्या खोलीत, पातेल्यांच्या आणि तांदळाच्या गोण्यांच्या मध्ये बसून तिनं पाऊण तासात सगळं उभं केलं. मी एकेक वस्तू बाहेर नेत होतो आणि आई मांडत होती. शेवटी बंगला नेला तेव्हा ताई माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि पडद्याच्या फटीतून पाहू लागली. वृंदावन मधोमध होतं. त्यात दिवा लावलेला होता. बायका जमल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, झोपाळा खरा हलतोय!" मी मागे वळून ताईचा चेहरा पाहिला. तिच्या लग्नानंतर तो चेहरा मी इतका फुललेला पाहिला नव्हता.

आणि तिथे मी ती चूक केली.

मुलाकडच्या एका वयस्क बाईंनी आईला म्हटलं, "काय हो, इतकं बारीक काम तुम्हाला दिसतं तरी कसं?" आई हसली, नेहमीचं उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, आणि त्याआधी मी बोललो. माझ्यासाठी जिची शाळा सुटली तिचं नाव आज तरी घेतलं जावं, असं मनापासून वाटून मी बोललो. "हे माझ्या ताईनं केलंय. तीन वर्षं सगळं तीच करते."

"हो का! बोलवा की त्यांना. कुठे दिलंय त्यांना?"

मला तेव्हाही थांबता आलं असतं. मी म्हणालो, "दिलं होतं उरणकडे. पण मेव्हणे गेले. आमच्याकडेच असते आता."

त्या बाईंनी हातात घेतलेला नारळ जागेवर ठेवला, अगदी हलक्या हातानं. मग त्या मुलीच्या आईच्या कानाशी गेल्या. थोड्या वेळानं सप्तपदीच्या सुपाऱ्या आणि नवरा-नवरीचे नारळ टेबलावरून उचलले गेले. बंगला राहिला, झोपाळा राहिला. मुलीची आई आमच्या आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आम्ही मानत नाही हो असलं काही. पण मुलाकडची माणसं आहेत, उद्या काही कमीजास्त झालं तर..." आणि तिनं आईच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, नेहमीपेक्षा मोठा.

मी सामानाच्या खोलीकडे गेलो. पडदा ओढलेला होता. ताई खाली बसून बंदुकीचं टोक चिंधीनं पुसत होती.

परतताना रिक्षात उरण नाक्यापाशी आई म्हणाली, "तुला कोनी इचारला होता?"

"खोटं किती दिवस बोलायचं, आये?"

"माजा खोटा होता तो," आई म्हणाली. "तुजा काय जात होता त्यात?"

ताई म्हणाली, "त्येला नको बोलू. त्येनं चांगल्यासाठी केलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

भांडण कुणीच केलं नाही. कॉलनीत बायका आईकडून भाजी घेत राहिल्या, चौकशी करत राहिल्या. फक्त रुखवताची गोष्ट निघाली की सांगत, "या वेळी मुलीच्या मामीच करणार आहेत." तुळशीचं लग्न झालं, पुन्हा लग्नं सुरू झाली, आणि त्या मोसमात एकही मागणी आली नाही. मी कॉलनीत दोन-तीन घरी जाऊन बोललो. हे युग कुठलं, आपण शिकलेली माणसं, वगैरे. त्यांनी मला चहा दिला आणि माझं म्हणणं बरोबर आहे असं सांगितलं.

ताई दर आठवड्याला बंदूक काढायची, विजेला लावायची, फरशीवर चार थेंब सोडायची. वापरात नसली की आत गोंद पिवळा पडतो म्हणायची. मी कचेरीतून येताना कांड्या आणायचो. एकदा म्हणाली, "आता आनू नको. पडून हायेत." पुढे तळोज्याच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला लागली. खोके चिकटवायचं काम, पण चिकटपट्टीनं. तिथल्या बायका चांगल्या आहेत असं सांगायची.

मी तिची माफी मागायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं नाही. "तू वाचलास ना? मंग झालं," म्हणाली. माझी पदवी हेच जणू त्या सगळ्याचं उत्तर. मला ती पदवी तेवढी मोठी कधीच वाटली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझं लग्न झालं. बायकोकडची मंडळी पुण्याची. त्यांनी हौसेनं रुखवत मांडलं होतं, आणि ते पाहायला वरपक्षाच्या बायकांना बोलावलं. आई गेली, आत्या गेल्या. ताई खांबापाशी उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "ताई, पुढे ये की. तू वराची बहीण आहेस."

"दिसतंय इथून," ती म्हणाली.

"जवळून बघ. काम कसं केलंय सांग मला."

तिनं मान वर करून टेबलाकडे पाहिलं, बराच वेळ. "तंतू नाय काडलेत," म्हणाली. मग कुणी आपल्याकडे पाहत तर नाही ना, हे तिनं पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली.