धुळाप्पाच्या ताटातलं तूप

धुळाप्पाला तुम्ही कितपत ओळखत होता, असं कुणी विचारलं तर बाबूराव गुरुजी खाली मान घालतात. दर उन्हाळ्यात तो मेंढरं घेऊन यायचा, खतासाठी जळकोटच्या त्यांच्या रानात कळप बसवायचा आणि पुढं वाशी तालुक्याकडं निघून जायचा. त्याला लेकरं किती, हेही गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं.

मुक्कामाच्या शेवटच्या दुपारी त्याला घरी जेवू घालायची रीत होती. त्या वर्षी त्यानं पोळीवरचं तूप हात आडवा धरून नको म्हटलं. सोलापुरात पित्ताची पिशवी काढलीय, आता तूप सोसत नाही, म्हणाला.

गुरुजी हसले. "पिशवी गेली म्हंजे दुखणंच गेलं की. आन् पित्ताला तुपासारखं औषध न्हाय. का आमचं तूप गोड लागंना आता?"

एवढं ऐकल्यावर धुळाप्पानं हात काढून घेतला. गुरुजींनी वाटी उपडी केली, वर आणखी वाढलं. त्यानं ताट पुसून खाल्लं.

दिवस कलायच्या आत मेंढरं शेजारच्या गुंडप्पाच्या वैरणीच्या कडवळात शिरली. गुंडप्पा नाही नाही ते बोलला. धुळाप्पाचं तोंड उतरलं होतं, ओठ सुकले होते. "चुकलं मालक. डोळा लागला," एवढंच तो म्हणाला. जेवण अंगावर आलं असंल, असं म्हणून गुरुजीही हसले.

संध्याकाळी त्यांनी हा किस्सा पुतणीला, भैरवीला सांगितला. ती नर्स. ती काही हसली नाही. तिनं समजावून सांगितलं, पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत साठतं आणि तेलातुपाचा घास आला की आतड्यात ओतलं जातं. तूप पचवून झालं की त्या पित्तातलं बरंचसं परत रक्तात जातं, जेवण आल्याची वर्दी यकृताला देतं, मग साखर आणि चरबीचं काय करायचं ते शरीर ठरवतं. आतड्याची आग आवरण्यातही त्याचा हात असतो. पिशवी नसली की ते सारखं झिरपत राहतं. काहींना मग एकदम एवढं तूप झेपत नाही, जादा पित्त मोठ्या आतड्यात उतरतं आणि जुलाब लागतात.

"त्यांचा डोळा लागला नसंल, काका," ती म्हणाली.

दुपारी धुळाप्पा तांब्या घेऊन पुन्हा पुन्हा ओढ्याकडं जाताना दिसला होता, ते गुरुजींना आता आठवलं. शिव्या खाल्ल्या, पण गुंडप्पासमोर त्यानं त्यांच्या ताटाचं नाव काढलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसराच धनगर आला. धुळाप्पानं मेंढरं विकली, लेकीकडं कर्नाटकात गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं. गाव कुठलं, ते त्यालाही सांगता येईना.

माफी मागायची वेळ होती ती त्या जेवणाच्या दुसऱ्या सकाळी. गुरुजी तेवढ्यासाठीच रानात गेले होते. घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं होतं. धुळाप्पा काठीवर भार देऊन उभा होता.

"पाणी भरून घेतलं का?" गुरुजींनी विचारलं.

"भरलं, गुरुजी."

"वाटंत ऊन लागंल."

"व्हय. निघतो."