न शेकलेली हलगी

माझा थोरला भाऊ, संभादादा — मी आज जो काही आहे तो त्याच्यामुळं. त्याचं नाव आधी घेतो, कारण बायकोलासुद्धा आजवर जे सांगितलं नाही, ते त्याच्याबद्दलचंच आहे.

दुष्काळात दादानं चौथीतून शाळा सोडली. दिवसा खडी फोडायची, लग्नसराई आली की हलगी वाजवायची — आणि मी शिकायचं. जळकोटाकडच्या आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी. दादा वाजवायला निघाला की वाळलं गवत पेटवून हलगी शेकायचं काम माझं असे. कातडं तापून ताणलं, की नुसतं बोट लागलं तरी कडाडायची.

लातूर नवा जिल्हा झाला, शाळा निघाल्या, मला नोकरी लागली. भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचो. मी कुठल्या वस्तीतला, आमच्या घरी काय वाजवतात — कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं थोडंच, असं तेव्हा वाटायचं.

शाळेची सहल पुण्याला जायची ठरली, वाद्यांचं संग्रहालय बघायला. दादाचं कार्ड आलं — आपली हलगी हाय का तिथं, बघून कळव. तुजं पत्र वस्तीत वाचून दाखवतो.

हलगी होती. सतारीशेजारी, भिंतीवर. तिथल्या गृहस्थांनी हौसेनं खाली काढून थाप मारली — भद्द. पोरं हसली. सातवीतली शेवंता पुढं झाली. "शेकल्याबिगर न्हाई वाजत ती, सर. जाळ दाखवावा लागतो."

"हिच्या बापालाच बोलवा की सर! वरातीत लई उड्या मारतो!" मागून एकजण ओरडला.

सोबतचे गणिताचे सर हसत माझ्याकडं वळले. "हलगी शेकावी लागते म्हणे, खरं आहे का हो?"

एवढंच तर होतं. हो म्हणायचं. किती वेळ लागतो हो म्हणायला?

मी म्हणालो, "आपल्याला कुठलं ठाऊक?" आणि शेवंताला — "माहीत नसलेलं बोलू नये. मागं जाऊन उभी राहा."

ती गेली. हसणाऱ्यांकडं तिनं पाहिलंच नाही — माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं का? परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कुणी बसायला आलं नाही असं नाही — मीच तिथं पिशवी ठेवली होती.

दादाला काय लिहायचं? हलगी आहे म्हटलं तर तो विचारणार — वाजवलीस का? पोरांना सांगितलंस का, माझा भाऊ वाजवतो म्हणून? दोन दिवस कार्ड कोरंच राहिलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं, पेटीत टाकलं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे —

"तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. संग्रहालय पाहिलं. फार मोठं आहे. वीणा, सारंगी, सतार, पखवाज, सगळं नीट मांडून ठेवलेलं आहे. मी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या. आपली हलगी तिथं नाही. वस्तीत तसं सांगावं. तुझा बापू."