आधी वासरू

४ फेब्रुवारी १९३४. धार काढायला बसले. पुण्याहून कामशेतला राहायला येऊन घेतलेली माझी पहिली गाय आठ दिवस पान्हा चोरत होती. आजही चरवी कोरडी राहिली तर तिला परत धाडायचं, असं मी ठरवलं होतं.

कुंपणाशी एक गवतवाली थांबली. भारा उतरवून ती गाईच्या गळ्याखाली खाजवू लागली. गाईने मान लांबवली.

“मावशी, वासरू कुटं हाय?”

“मागे बांधलंय. सगळं दूध पिऊन टाकतं.”

“मग ती पान्हा सोडंल कुनासाटी? तुमच्यासाटी व्हय?”

हसत तिने गाईपुढे मूठभर गवत टाकलं, भारा डोक्यावर घेतला आणि गेली. नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी वासरू सोडलं. ते पीत असताना गाईच्या गळ्याखाली खाजवत बसले, आणि तिने मान लांबवल्यावरच चरवी पुढे घेतली.