वितळत्या बर्फाच्या पाण्यात एक ट्राउट

मासा मिळाला की गोष्ट एका वाक्यात संपते. नाही मिळाला की किस्सा होतो. माझ्याकडे सहा वसंतांचे किस्से साठलेत. जयपूरचे आम्ही दोन निवृत्त मराठी म्हातारे दर मार्चअखेर हिमाचलात ट्राउट धरायला जातो. कर्नल निंबाळकरांना जवळजवळ दर वर्षी मिळतो. मला, जलविज्ञानात पीएचडी असून, एकदाही नाही. यंदा गुडघ्यांनी नोटीस दिली, तेव्हा ठरवलं: हे शेवटचं वर्ष, आणि एक ट्राउट माझ्या हातचा.

*

सराव जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या गच्चीवर. दोराच्या टोकाला पिसांची खोटी माशी बांधायची आणि तो मागे-पुढे झुलवत लांब टाकायचा. शेजारचे मिश्राजी बराच वेळ बघत होते. शेवटी काळजीने म्हणाले, "भाईसाहब, संक्रांत तो निकल गई. और पतंग किधर है?"

*

नदीवरचा आमचा गाईड तुलाराम. एका वर्षी निघण्याआधी त्याला फोन करून विचारलं, पाणी कसं आहे?

"साहब, नदी एकदम खाली है."

पाणी खाली उतरलं! मी लगेच कर्नलांना गाडी काढायला लावली. पोचलो तर नदी काठोकाठ, मातकट. तुलाराम म्हणाला, "मैंने तो बताया था, खाली है. इस पानी में मछली पकड़ने कौन आएगा?"

तीस वर्षं राजस्थानात काढून मी हिंदीतलं 'खाली' मराठीत ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर कर्नल म्हणाले, "डॉक्टर, पीएचडी मराठी माध्यमातून केलीत का?"

*

पाणी फार गार असलं की ट्राउट तळाशी सुस्त पडून राहतो. म्हणून मी दर अर्ध्या तासाने नदीत थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहितो. काठावरच्या चहावालीने कर्नलांना विचारलं, "ये डॉक्टर साहब नदी का बुखार देखते हैं?"

"देखते हैं," कर्नल म्हणाले. "दवाई नहीं देते."

*

यंदाची गोष्ट. सकाळी पाणी गारठलेलं, दुपारनंतर वरचा बर्फ वितळून गढूळ. मधले दोन तासच कामाचे. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. कर्नलांनी जेवायला हाक मारली, गेलो नाही. माशी चुकली असेल, दोर जाड असेल, मुळात पीएचडीचा विषयच चुकला असेल, असं सगळं वाटून गेलं. पण जागचा हललो नाही.

दोर ताणला. तुलारामने जाळी खाली धरली. मासा!

"तुलाराम, ट्राउट ही है ना?" मी विचारलं.

"तो नाही म्हणाला तर काय करणार आहात?" काठावरून कर्नल.

आम्ही धरलेला मासा परत सोडतो. तसा सोडला, आणि घरी बायकोला फोन लावला. "मिळाला."

ती म्हणाली, "असं करा, कर्नलसाहेबांना फोन द्या."

कर्नलांनी फोन घेतला.

"वहिनी, मी काही पाहिलं नाही. मी चष्मा पुसत होतो."

कर्नलांना चष्मा नाही.