मागच्या दारचा समुद्र

आमच्या दादाला जुन्या घरांचं वेड आहे. माणसांपेक्षा खांब बरे, असं त्याचं एकूण मत. जन्मभर परभणीच्या शाळेत इतिहास शिकवल्यावर दुसरं काय होणार म्हणा! कोकणातल्या एका गावानं चैत्रात आपली जुनी घरं आणि संग्रहालयं पाहुण्यांसाठी उघडली आहेत, एवढं त्याच्या कानावर आलं आणि सेलूहून निघणाऱ्या बसमध्ये त्यानं स्वतःबरोबर माझी आणि आईचीही जागा धरून टाकली.

आई सेलूजवळच्या वालूरची. तिनं पाहिलेलं पाणी म्हणजे दुधना नदी, फार झालं तर गंगाखेडची गोदावरी. प्रवासाच्या भाकरी थापता थापता मला हळूच म्हणाली, "मला काई घरं-बिरं बघायची न्हाईत बाई. एकदा समुद्र बघायचाय. त्याला सांगू नको, उगं हसंल."

पोचेस्तोवर अंधार पडला होता. सकाळी उठल्याबरोबर दादानं आम्हाला घरांना जुंपलं. प्रत्येक दारात पाटी, आणि दादा ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचणार. जणू आम्ही दोघी नापास होऊन पुन्हा त्याच्याच वर्गात बसलोय. मग संग्रहालय. तिथं समुद्राचा नकाशा होता, समुद्राचे फोटो होते, शंख होते, जहाजावरचे कंदील होते. एका गंजलेल्या नांगरापाशी आई थांबली.

"एवढं सगळं समुद्राचं हाय, मग त्यो कुठंय?"

"हा काय, माडांच्या पलीकडेच," तिथला माणूस म्हणाला.

कोकणातलं 'पलीकडेच' म्हणजे घोटाभर वाळू आणि दगडी उतरण, हे आम्हाला तोवर कळलं होतं. आईचे गुडघे तर बसमधून उतरतानाच बोंबलत होते. दादा म्हणाला, "उजेडात घाट चढायचाय. आधी घरं होऊ दे."

"खांब काय पळून चाललेत का?" मी म्हटलं.

"मग समुद्र तरी कुठं पळायलाय?"

इतिहासाच्या मास्तराशी वाद घालू नये. माझं डोकं मात्र तापलं होतं.

शेवटचं घर एका म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं. पुढच्या खोल्यांत जुन्या वस्तू मांडलेल्या, मागं ते स्वतः राहायचे. आई पडवीत टेकली. ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "आजी, मागचं दार उघडू काय? मागे समुद्रच आहे हो."

माझा जीव भांड्यात पडला. देव पावला म्हणायचा!

आणि आई म्हणाली, "न्हाई न्हाई, राहू द्या. कशाला उगं तरास."

"बरं," ते म्हणाले, आणि दादाला माजघर दाखवायला निघून गेले.

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्यात पाहुण्यानं पहिल्यांदा 'न्हाई'च म्हणायचं असतं. मग यजमानानं 'असं कसं?' म्हणायचं. पाहुण्यानं 'आत्ताच घेऊन आलो' असं सपशेल खोटं बोलायचं. मग यजमानानं हाताला धरून बसवायचं, आणि तेव्हा कुठं चहा प्यायचा. याला आम्ही तकल्लुफ म्हणतो. निजामाचं राज्य गेलं, हे मागं राहिलं. ज्याला खरंच चहा नको असतो, त्याचे आमच्याकडं फार हाल होतात. पण कोकणातल्या त्या सरळ माणसाला कोण सांगणार की आमची 'न्हाई' म्हणजे निव्वळ सुरुवात असते?

आई वाट बघत बसली. थोड्या वेळानं ते बाहेर आले. आई सावरून बसली.

"कोकम सरबत घेणार?"

"न्हाई, कशाला."

"बरं." आणि पुन्हा आत.

आईनं माझा दंड धरला. "आगं, ह्यो माणूस दुसऱ्यांदा इचारतच न्हाई की!"

"मग हो म्हण ना!"

"पहिल्याच झटक्याला? लय हावरट दिसतं ते."

"मी सांगते त्यांना."

"खबरदार! मागून घ्यायचं न्हाई."

मला असा राग आला म्हणता! समुद्र भिंतीमागं, मधे एक फळकुटाचं दार, आणि ही बाई रीत धरून बसलेली. एवढ्यात बसचा हॉर्न वाजला. दादा हात झटकत आला, "चला, चला." गृहस्थ निरोप द्यायला पुढं आले. आई खांबाला धरून उठली, अंगणात उतरली, चार पावलं चालली आणि थांबली. मी बघितलं तर तिचे डोळे भरलेले.

ती मागं वळली. "भाऊ, ते दार उघडा. मला समुद्र बघायचाय."

आईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

दादा म्हणाला, "अगं, मग आधी बोलायचं ना! ह्यांनी विचारलं नाही का?"

"इचारलं की. मी न्हाई म्हणले."

गृहस्थ बिचारे ओशाळले. "मला वाटलं, नकोच असेल. मी आपला एकदाच विचारून..."

"तुमचं काय चुकलं?" आई म्हणाली. "आमच्या घरीबी मला एकदाच इचारतेत."

दादा माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना.

अडसर निघाला. दाराबरोबर वारा आत आला, आईचा पदर उडाला आणि तिनं तो सावरलासुद्धा नाही. "आगं माय," एवढंच म्हणाली. मग बाहेरच्या पायरीवर हळूहळू बसली. आम्ही मागं उभे. दादाला वाचायला इथं पाटी नव्हतीच.

बसचा हॉर्न परत वाजला. दादा वाकून, अगदी हळू म्हणाला, "आई, बसतीस का अजून?"

"हां," आई समुद्राकडंच बघत म्हणाली. "बसते."

आणि दादा ड्रायव्हरची समजूत काढायला गेला.